शहाबानोची सात इंची सुरी

शहाबानोला विसरवाडीत सगळे कांदेवाली म्हणून ओळखतात, पण ती कांदे विकत नाही, कापते. लग्न असो, साखरपुडा असो, उरूस असो, मोठं जेवण ठरलं की चुडामण आचारी आपला पिकअप तिच्या दाराशी आणतो आणि हॉर्न न वाजवता थांबतो. हॉर्न वाजवलेला तिला चालत नाही, हे त्याला ठाऊक आहे. छप्पन्न वर्षांची बाई. बावीस वर्षं तिचं हेच काम. पोतं उपसून कांदा चार बायकांत वाटला, की तिचा ढीग सगळ्यांत आधी संपायचा. कांद्याने तिच्या डोळ्यांत पाणी येणं कधीचंच बंद झालंय. मदिहा, तिची मुलगी, म्हणते की अम्मीचं डोळ्यांतलं पाणी सरकारने बंद करून ठेवलंय, नळासारखं.

बाकीच्या तिघी विळीवर बसून चिरायच्या. शहाबानोला ते जमत नव्हतं. तिचा डावा गुडघा दहा-बारा वर्षांपूर्वीच बसला, तेव्हापासून ती खाली बसली की उठताना दोन माणसं लागायची. म्हणून ती उभ्याने कापायची. मांडवातलं एक टेबल, टेबलावर फळी, आणि हातात तिची सुरी.

ती सुरी वाहिदने केलेली होती. वाहिद तिचा नवरा, फाट्यावरच्या गॅरेजात ट्रकच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी बसवायचा. एकदा नवापूरकडच्या एका लग्नात तिची बाजारातून आणलेली सुरी मुठीपाशी तुटली आणि ती अर्धा दिवस उसन्या चाकूने झुंजत राहिली. घरी येऊन तिने नुसतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजात काम नव्हतं, तर वाहिदने कमानीचा एक मोडका पाटा कापला, तापवून ठोकला, घासला, बाभळीची मूठ बसवली आणि संध्याकाळी चहाच्या वेळी तिच्यासमोर ठेवली.  वाहिद जाऊन आठ वर्षं झाली. सुरी घासून घासून जरा बारीक झाली होती, पण एका घावात मोठा कांदा मधोमध उघडायची.

गेल्या हिवाळ्यात ती सुरी गेली.

कळसाडीला एका बड्या शेतकऱ्याच्या घरचं लग्न होतं. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, हजारावर पान. काम उरकून दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे परत निघाले. पिकअपच्या हौद्यात पातेली, झारे, कढया, आणि त्यांच्यामधल्या फटींत चार बायका. उन्हाने पातेली तापली होती, तरी त्यांना टेकून बायका पेंगत होत्या. दोन रात्रींची झोप राहिली होती.

तापीच्या पुलाअलीकडे नाकाबंदी होती. निवडणुकीचे दिवस होते. निंबाखाली मंडप, मंडपात टेबल, टेबलावर रजिस्टर, आणि एकेक गाडी बाजूला घेत होते. निशा नावाच्या एका तरुण महिला पोलिसाने बायकांना खाली उतरवलं आणि पिशव्या उघडायला लावल्या. पहिली बेबीबाईची. बेबीबाई मूळची सातपुड्यातली, काठीजवळच्या एका पाड्यावरची. लग्नानंतर मजुरीसाठी नवऱ्याबरोबर खाली आली ती विसरवाडीतच राहिली. तिच्या पिशवीतून विळी निघाली. हातभर पातं, धार अशी की बघूनच अंगठा आखडून घ्यावा. निशाने ती उलटीपालटी केली, "विळी आहे," असं स्वतःशीच म्हणाली आणि परत ठेवली. मग शहाबानोची पिशवी. जुन्या ओढणीत गुंडाळलेली सुरी तिने सोडवली आणि तशीच हातात धरून टेबलाकडे बघितलं.

"साहेब, इकडे बघता?"

टेबलाशी हवालदार भीमसिंग बसले होते. पन्नाशीचे, डोळे लाल झालेले. त्यांनी रजिस्टरखालून शाळेतल्या पोरांची असते तशी प्लास्टिकची पट्टी काढली आणि पात्याला लावली.

"साडेदहा इंच," ते म्हणाले. "मावशी, हे कशाला?"

"कांदे कापायला."

चुडामण पुढे आला. साहेबांशी बोलायचं म्हणून त्याने शाळेतली मराठी काढली. "साहेब, ही स्वयंपाकाची सुरी आहे. आम्ही आचारी लोक. ही पातेली बघा, झारे बघा."

"बघतोय ना. पण हत्यार बाळगायला मनाई आदेश आहे. ही गावात कोणाच्या हातात दिसली तर मला विचारतील, की तुम्ही नाक्यावर काय बघत होतात."

"आणि विळी?"

"विळी विळी असते," भीमसिंग म्हणाले. पुढे आणखी समजावत बसायची ताकद त्यांच्यात नव्हती, हे शहाबानोला दिसलं. तिच्यातही नव्हती.

गुन्हा नोंदवला नाही. सुरी मात्र जमा झाली. पंचनामा लिहिता लिहिता तीन तास गेले, कारण मध्येच दोन मोठ्या गाड्या आल्या आणि सगळे तिकडे धावले. शहाबानो एका बाकावर पाय लांब करून बसून राहिली. रागवायला हवं होतं असं तिला वाटत होतं, पण राग वर येऊन येऊन परत खाली जात होता, जसा दम लागलेल्या माणसाचा आवाज जातो. सही करताना तिने फक्त एवढं विचारलं, "धार तरी लावून ठेवाल का? गंजेल ती." कोणी उत्तर दिलं नाही. त्यात कोणाचा उर्मटपणा नव्हता. लिहिणारा लिहीत होता, एवढंच.

चार दिवसांनी पुढचं काम होतं. चुडामणने आपल्या पेटीतला एक स्टीलचा चाकू दिला. पातळ पातं, प्लास्टिकची मूठ. मोठ्या कांद्यात पातं वाकायचं, मग जोर लावावा लागायचा, मग मूठ घामाने सरकायची. तासाभरात तिच्या अंगठ्याच्या मुळाशी फोड आला. त्या दिवशी बावीस वर्षांत पहिल्यांदा बेबीबाईचा ढीग आधी संपला. बेबीबाईने आजूबाजूला बघितलं, आपलं घमेलं शहाबानोच्या टेबलाखाली सरकवलं आणि तिच्या ढिगातले कांदे त्यात ओढून घेतले.

"आपा, राहू दे आते. मी कापस."

शहाबानो नको म्हणाली नाही. तिने हात पुसले आणि कोथिंबीर निवडायला घेतली. रात्री घरी आल्यावर ती मदिहाला हे सांगत होती तेव्हा तिला जाणवलं, की आपल्याला त्या सुरीपेक्षा ह्या गोष्टीचं जास्त लागलंय.

मदिहा फाट्यावरच्या झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांच्या दुकानात बसते. सातबारा, दाखले, फॉर्म, दिवसभर तिचं हेच चालतं. तिने दुसऱ्याच दिवशी कायदा शोधला, छापला आणि जेवताना वाचून दाखवला. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं असलं तर ते हत्यार धरतात, पण घरकामासाठी, शेतीसाठी बनवलेलं असेल तर नाही.

"म्हणजे आपली सुरी चालत होती, अम्मी. ते चुकीचं आहे. आपण अर्ज करू."

"आणि तो मनाई आदेश?"

 ते मदिहाला नीट सापडलं नव्हतं. मग म्हणाली, "तरी करू. अब्बांची होती ती."

"बघू," शहाबानो म्हणाली, आणि ताटाखालचा कागद तेलकट होऊ नये म्हणून बाजूला सरकवला.

आठवड्याने पुन्हा तापीपलीकडचं काम आलं. नाक्यावर पिकअप थांबला. तेच झाड, तेच टेबल, तेच हवालदार. सगळ्या बायका पिशव्या घेऊन उतरल्या. शहाबानोच्या पिशवीत काहीच नव्हतं, तरी ती सरळ टेबलाशी गेली.

"साहेब, मला कोणती सुरी चालेल ते सांगा."

भीमसिंगांनी वर बघितलं. ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"वीस दिवस झाले मी इथे बसतोय," ते म्हणाले. "कशी सोडवू, कशी लपवू, असं विचारणारे खूप आले. चालेल कोणती, हे विचारणारं कोणी आलं नाही. बसा, मावशी."

"बसले तर पटकन उठता येत नाही."

मग तेही उभे राहिले, टेबलाला टेकून. म्हणाले, "कायद्यात नऊ इंच आहे. पण तुम्ही नऊला जाऊ नका. माझ्या जागी उद्या दुसरा येईल, त्याची पट्टी जराशी तिरपी लागली की तुमचे परत तीन तास. सात घ्या. रुंदी दीड. दुमडती घेऊ नका, खटका दाबून उघडणारी तर अजिबात नको. ती खिशात राहते, म्हणून तिच्याविषयी आधी संशय येतो. सरळ पक्क्या मुठीचीच घ्या. कंबरेला नको, ओढणीत गुंडाळलेली नको. डब्यात ठेवा, कामाच्या सामानात, वरच्या वर. विचारलं की लगेच दाखवता आली पाहिजे."

"मग चालेल?"

"मावशी, निवडणुकीत, सणासुदीत आदेश निघतो, तेव्हा चालेल की नाही हे समोर उभं असलेल्या माणसावर असतं. खोटं कशाला सांगू? पण तशी सुरी बघून मी अडवणार नाही." मग त्यांनी विचारलं, "टोक लागतं का तुम्हाला?"

शहाबानोने विचार केला. बटाट्याचे डोळे काढायला टोक लागतं, वांग्याचा देठ काढायला लागतं. पण ती कामं दुसऱ्या कोणी केली तरी चालण्यासारखी होती. "कांद्याला नाही लागत," ती म्हणाली.

"मग टोक गोल करून घ्या. टोक नसलं की माणसाच्या मनातली निम्मी भीती जाते."

जाताना तिने जुन्या सुरीचं विचारलं. भीमसिंग म्हणाले, की कोर्टात अर्ज करावा लागेल, दोन-तीन तारखा पडतील, मिळणार नाही असं नाही. तारखेला सकाळी दहाला हजर राहायचं. शहाबानो हिशोब करत राहिली: पहाटेची बस, दोन गाड्या बदलणं, कोर्टाच्या पायऱ्या, आणि पायऱ्या चढून गेल्यावर कळणार की आज साहेब रजेवर. तिने मान हलवली आणि पिकअपकडे निघाली.

घरी मदिहा चिडली. पहिल्यांदाच अशी चिडली. "तू जाणार नसशील तर मी जाते. दुकान बंद ठेवते एक दिवस."

"एक दिवस नसतो तो."

"अब्बांनी केलेली वस्तू अशी सोडून द्यायची?"

शहाबानोने पलंगावर पाय वर घेतले आणि गुडघ्याला तेल लावायला सुरुवात केली.  मग म्हणाली, "तुझ्या अब्बांनी ती आठवण म्हणून केली नव्हती गं. माझी तुटली होती म्हणून केली. दुपारी रिकामा होता. तो असता तर आज दुसरी केली असती, आणि पहिलीचं नावही काढलं नसतं."

 मदिहाने तेलाची बाटली आईच्या हातातून घेतली आणि स्वतः चोळायला लागली. तिचे डोळे भरले होते. शहाबानोचे नव्हते, आणि त्याचं शहाबानोलाच थोडं वाईट वाटलं.

सुरी शोधायला ती आधी नवापूरला गेली, बेबीबाईला घेऊन. भांड्यांच्या दुकानात पोराने काउंटरवर दहा-बारा चाकू मांडले. एक अगदी छोटा, दुमडता, म्हणाला, "पर्समध्ये बसतो, मावशी, कोणाला दिसणार पण नाही." शहाबानोने तो बोटाने लांब सरकवला. एक रंगीत पात्याचा, गुलाबी. एकाला वर दाते होते. ते कशासाठी असं विचारल्यावर तो म्हणाला, पावासाठी. एक लांबलचक, चकचकीत, मोजायलाच नको इतका मोठा. तिने मदिहाची पट्टी पिशवीतून काढून एकेक मोजला. पोरगं आधी हसलं, मग कंटाळलं. सात इंचांचे दोन होते, पण दोन्हींचं पातं कागदासारखं. चुडामणच्या चाकूने आलेला फोड अजून बसला नव्हता. ती उठली नाही, कारण ती बसलीच नव्हती. फक्त पट्टी परत पिशवीत टाकली आणि निघाली.

बसमध्ये बेबीबाई खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "आम्हना गावले बाई कंबरले विळा लाईसनच निंघस, आपा. कोणीच मोजत नही."

"मग इकडे कशाला आलीस?"

"पोट लई उनं," बेबीबाई म्हणाली. पोट घेऊन आलं. दोघी हसल्या, पण थोड्याच.

विसरवाडीच्या बाजाराच्या दिवशी नवल लोहार भाता लावून बसतो. विळे, कोयते, खुरपी, कुऱ्हाडी. बहुतेक गिऱ्हाईक शेतकरी. शहाबानो येताना चार मोठे कांदे घेऊन आली होती. तिने नवलला सगळं सांगितलं, नाक्यापासून. तो ऐकत ऐकत एका विळ्याला पाणी देत होता.

"कितली लांब करू?" त्याने विचारलं.

"सात इंच. वर एक दोरा बी नही."

"आठ करू ना. कांदा मोठा ऱ्हास. नऊ पावतर तर चालस म्हने."

"सात," शहाबानो म्हणाली. "पाठ जाड ठेव, वाकाले नको. आनि टोक गोल."

नवलने हातातलं काम थांबवलं. टोक नसलेली सुरी त्याने आजवर केली नव्हती. लोक त्याच्याकडे टोक आणखी निमुळतं करून घ्यायला येत. तरी त्याने भाता ओढायला घेतला. दुपारपर्यंत त्याने पातं तयार केलं. कानशीने टोक घासताना तो मध्ये मध्ये तिला दाखवायचा, आणि ती म्हणायची, आणखी. शेवटी ते बोटाच्या पेरासारखं झालं. मूठ तिने हातात धरून बघितली आणि परत दिली. आणखी जाड हवी होती. आखडलेल्या अंगठ्याने बारीक मूठ धरता येत नव्हती. नवलने दुसरी बसवली, तीही बाभळीची. मग तिने पट्टी लावून पातं मोजलं. सातला दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी भरलं.  कमी चालतं.

भात्याशेजारच्या फळकुटावर तिने पहिला कांदा ठेवला. मोठा कांदा एका घावात दोन होत नव्हता. पातं अर्ध्यात पोचायचं, मग पुन्हा टेकवून खाली दाबावं लागायचं. दोन घाव. तिने चारही कांदे कापून पाहिले. पातं वाकलं नाही, मूठ फिरली नाही, हात दुखला तरी नेहमीइतकाच दुखला.

"बरी शे?" नवलने विचारलं.

"चालनारी शे," ती म्हणाली. कापलेले कांदे तिने फेकले नाहीत. नवलच्या बायकोने भाकरीबरोबर घेतले.

मदिहाने तिला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा दिला. त्यात सुरी, धार लावायचा दगड, एक फडकं, आणि चुडामणच्या लेटरहेडवरची चार ओळींची चिठ्ठी: सदर महिला आमच्याकडे स्वयंपाकाच्या कामास आहे. चुडामणकडे लेटरहेड नव्हतं. ते मदिहानेच करून दिलं होतं, वर वाफाळत्या पातेल्याचं चित्र टाकून. चुडामणला ते इतकं आवडलं, की त्याने शंभर प्रती मागितल्या आणि लग्नघरी वाटायला सुरुवात केली.

पुढच्या खेपेला नाक्यावर भीमसिंग नव्हते. दुसरेच कोणी होते, तरुण, घाईतले. त्यांनी डबा उघडला, सुरी बघितली, गोल टोकावरून अंगठा फिरवला, चिठ्ठी न वाचताच झाकण लावलं आणि पुढच्या गाडीला हात केला. एवढंच. शहाबानोच्या छातीत जे आठवडाभर दाटून होतं ते सुटलं, पण त्या जागी आनंद काही आला नाही. तिला झोप आली. पूल ओलांडायच्या आत ती पातेल्याला टेकून झोपली. बेबीबाईने आपला पदर पातेल्यावर टाकला, म्हणजे तिच्या डोक्याला पत्रा लागणार नाही.

सुरीने काम होत होतं. पण दोन घावांचा हिशोब दिवसभरात फार मोठा व्हायचा. दुपारनंतर तिचा खांदा भरून यायचा. बेबीबाई आता विचारतही नसे. तिच्या ढिगातला तिसरा हिस्सा आपल्याकडे ओढायची आणि आपली कोथिंबीर-मिरची तिच्याकडे द्यायची. शहाबानोला पहिल्या दोन-तीन लग्नांत ते बघवलं नाही. मग बघवायला लागलं.

निवडणूक झाली, निकाल लागले, नाके उठले. रमजान जवळ आला तसं तिने एके दिवशी चुडामणला दारातच थांबवलं. तो पिकअपमध्येच बसून होता, एक पाय बाहेर काढून.

"चुडामणभाऊ, तापीपल्याडनं काम मन्हाकडतीन आते व्हत नही. अठलं अठलं सांग. विसरवाडी, नवापूर, बस."

चुडामणने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "मी सांगनारच व्हतू," तो म्हणाला. "तुले वाईट वाटी म्हनीसन गप ऱ्हायनू."

"वाटलं नाही," शहाबानो म्हणाली. मग दाराची चौकट धरून जराशी उभी राहिली आणि म्हणाली, "थोडं वाटलं."

ईदनंतरच्या पहिल्या लग्नाला पिकअप लागलाच नाही. लग्न दोन गल्ल्या सोडून होतं. सकाळी सातला ती डबा पिशवीत टाकून चालत गेली. मांडवाच्या मागच्या बाजूला चुली पेटल्या होत्या, पोती उतरवून ठेवली होती, बेबीबाई विळी मांडून बसली होती. शहाबानोने टेबल सावलीत ओढून घेतलं, फळी पुसली, पहिलं पोतं उसवलं आणि कांद्याची शेंडी उडवली. मदिहा दुकानावर जाता जाता थांबली आणि तिने आईच्या पायाखाली एक दुमडलेलं पोतं सरकवलं, म्हणजे जमीन टोचणार नाही. शहाबानोने डावा पाय त्याच्यावर ठेवून बघितला. मग उजवा ठेवला. आणि दुसरा कांदा घेतला.